केदारला तेलुगू वाचता येतं

विद्यानगरच्या थांब्यावर वासंती बसची वाट पाहत उभी होती, तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढं दवाखान्याचा कागद धरला. खेड्यातून आलेला असावा. खांद्यावर टॉवेल, एका पायाला पट्टी. "कोंचम चदिवि चेप्पु अम्मा," जरा वाचून सांग, म्हणाला. तिनं सवयीनं कागद हातात घेतला, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की चष्म्याचा इथं काही उपयोग नाही. कागदभर तेलुगू होतं. तिनं कागद परत केला. "नाकु चदवडम रादय्या." मला वाचता येत नाही बाबा. हे तिनं इतक्या स्वच्छ, घरगुती तेलुगूत सांगितलं की म्हाताऱ्याला ती चेष्टाच वाटली. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची साडी, चष्मा, पर्स, काखेत फाइल. मग तो तेलुगूतच म्हणाला, "बोलायला इतकं छान येतं आणि वाचायला येत नाही? असं कुठं असतं का अम्मा?" रागावला नाही, हसला, आणि कागद घेऊन पलीकडच्या कॉलेजच्या मुलीकडं गेला. मुलीनं मान वाकडी करून घडाघडा वाचून दाखवलं.

वासंती त्या वाचणाऱ्या मुलीकडं पाहत राहिली. बस आली, ती चढली, खिडकीपाशी जागाही मिळाली, पण म्हाताऱ्याचा प्रश्न तिच्या मागोमाग चढला आणि शेजारी येऊन बसला. हाच प्रश्न मागच्या महिन्यात हायकोर्टातल्या दोघा न्यायाधीशांपैकी एकानं तिच्या मुलाची, केदारची, बाजू मांडणाऱ्या वकील पुतणीला, अमृताला विचारला होता. तोही रागावला नव्हता. चष्म्यावरून पाहत, किंचित हसून त्यानं विचारलं होतं की याच शहरात जन्मलेला, याच शहरात वाढलेला, एकतीस वर्षांचा पदवीधर मुलगा, आणि त्याला तेलुगू वाचता येत नाही असं तुमचं म्हणणं आहे का? अमृता काहीतरी बोलली. मग दुसऱ्या न्यायाधीशानं पहिल्या अर्जातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या वासंतीला कळलं की संपलं. कोर्टात पंखे फार मोठे असतात, त्यांचा आवाजही मोठा असतो, पण ते वाक्य तिला शब्द न् शब्द ऐकू आलं. ते तिनंच तर शपथेवर सांगितलं होतं.

वाक्य असं होतं: 'अटकेत असलेला केदार हा पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचा मुल्की रहिवासी असून त्याला तेलुगू उत्तम प्रकारे लिहिता, वाचता व बोलता येतं.'

केदारला अटक झाली ती काही शिक्षा म्हणून नव्हे. शिक्षा व्हायला खटला चालावा लागतो. तो विद्यापीठाजवळच्या एका कन्सल्टन्सीत काउंटरवर बसायचा. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे कागद तयार करून द्यायचं काम. त्यातले काही दाखले खोटे निघाले, मालक दुबईला गेला आणि काउंटरवरचा केदार सापडला. तीन तक्रारी झाल्या, तिन्हींत जामीन मिळाला. तिसऱ्या जामिनाचा कागद घेऊन वासंती तुरुंगाच्या फाटकाशी उभी असताना तिला सांगण्यात आलं की मॅडम, तो आता बाहेर येत नाही, त्याच्यावर वर्षभर स्थानबद्धतेचा नवा हुकूम निघाला आहे. यात खटला नाही की जामीन नाही. पुढं कदाचित काही करील म्हणून आजच धरून ठेवायचं, असा तो कायदा. यातून माणूस सोडवायचा एकच रस्ता, हेबियस कॉर्पस. माणूस कोर्टापुढं उभा करा आणि कुठल्या आधारावर धरलात ते सांगा, असा अर्ज. पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा अमृताला नवा मुद्दा सापडला. हुकूम इंग्रजीत होता, तो केदारनं वाचला. पण ज्यांच्या जोरावर हुकूम काढला त्या फिर्यादी, जबाब, पंचनामे, सगळा गठ्ठा तेलुगूत. धरलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत कागद द्यायला हवेत, नाहीतर तो आपली बाजू मांडणार कशी? एवढ्या मुद्द्यावर माणसं सुटलेली आहेत, अमृता म्हणाली होती. वासंतीनं त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर जेवण केलं. दुसरा अर्ज लागला, आणि पहिल्या अर्जातलं वाक्य त्याच्या आडवं येऊन बसलं. आता दिल्ली. सुप्रीम कोर्टात अपील करायचं, आणि त्याचं प्रतिज्ञापत्र आज सही करायला ती चिक्कडपल्लीला निघाली होती.

बस अडिकमेटच्या चढावर रखडली. वासंती दुकानांवरच्या पाट्या पाहू लागली. आयुष्यभर तिनं या पाट्या अशा पाहिल्या होत्या जशी माणसं भिंतीवरचा रंग पाहतात. तेलुगूच्या खाली इंग्रजी असतं, ते वाचायचं. नसलं तर दुकानात काय टांगलंय ते दिसतंच. बसला नंबर असतो. टेलिफोन खात्यात ती ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा तिथं बोलायचं काम, वाचायचं नव्हे. कानाला लावलं की एका बाजूनं उर्दू, दुसऱ्या बाजूनं तेलुगू, मधूनच एखादा गुलबर्ग्याचा कानडी, आणि ही तिघांना तिघांच्या भाषेत शांत करायची. तेलुगूत भांडायला तिच्याइतकं कुणाला येत नसे. सुपरवायझर पद्मावती म्हणायची, वासंती, तू आमच्यातलीच, चुकून तिकडं जन्मलीस. त्याचा वासंतीला अभिमान होता, का नसावा? जामबागच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी साऱ्या शहराशी बोलते. वाचण्यावाचून तिचं काही अडलं नाही, आणि जे कधी अडत नाही ते आपल्याला येत नाही हेही माणूस विसरून जातो.

केदारचंही तेच झालं, आणि ते तिनंच केलं. तो लहानपणी तेलुगू अक्षरांना गोगलगाई म्हणायचा. शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली तेव्हा तिनं हिंदी घेतली, आणि अकरावीला संस्कृत. संस्कृत घेतलं की मार्क पडतात, सगळा गाव घेतो, उत्तरं तर इंग्रजीतही लिहिता येतात. तेलुगू काय, गल्लीत येतंच. आणि आलं की. क्रिकेट तेलुगूत, शिव्या तेलुगूत, पहिलं प्रेमही बहुधा तेलुगूतच असावं, कारण फोनवर तो आवाज खाली करून तेलुगू बोलायचा आणि वासंती स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. मराठी वाचतानाही तो अडखळायचा. वर्तमानपत्रातला मथळा वाचला की थकायचा. तर हा असा मुलगा, चार भाषा फडाफडा बोलणारा, आणि धड वाचायची म्हणाल तर एक इंग्रजी. न्यायाधीशाला हे कसं समजावं? त्यानं 'असं कुठं असतं का' म्हटलं तर त्याचं काय चुकलं? इथं तर घरोघर असंच आहे. पण घरोघर असलेली गोष्ट शपथेवर सांगायला गेलं की खोटी वाटते.

चिक्कडपल्लीला उतरून ती भाजीबाजाराच्या कडेनं आत वळली. एकनाथरावांचं घर म्हणजे खाली वकिलीचं ऑफिस आणि वर बिऱ्हाड. एकनाथराव तिचे थोरले दीर. पन्नास वर्षं दिवाणी वकिली केलेले, आता ऐंशीला टेकलेले, गुडघे गेले तरी कोट न गेलेले. केदारचे वडील गेल्यापासून घरातला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. पहिला अर्ज त्यांनीच लिहिला. अमृता तेव्हा म्हणाली होती, की बाबा, हे फौजदारीतलं काम आहे, आपण कुणाला तरी विचारू. ते म्हणाले, माझ्या भावाच्या मुलासाठी मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? आणि रात्रभर बसून लिहिलं. मूळ हुकुमात पोलिसांनी लिहिलं होतं की इसम मूळचा नांदेडकडचा असून तिकडं पळून जाण्याची शक्यता आहे. ते वाचून म्हातारा पेटला होता. नांदेडकडचा! निजामाच्या काळात एकनाथरावांच्या वडलांनी महसूल खात्यात नोकरी धरली ती मुल्की दाखल्यावर. मुल्की म्हणजे इथला, याच मुलखातला, उपरा नव्हे. एकोणसत्तर साली मुल्की आणि गैरमुल्की यावरून शहर पेटलं तेव्हा तरुण एकनाथराव वडलांचा दाखला खिशात घालून कॉलेजला जायचे, कुणी अडवलं तर दाखवायला. कुणी अडवलं नाही. पण तो खिसा त्यांच्या अंगावर कायमचा शिवला गेला. त्यांनी पोलिसांना उत्तर दिलं, अगदी मनापासून, आणि उत्तरात केदारला पक्का मुल्की करून टाकलं. लिहिता, वाचता, बोलता.

आणि त्यांनी ते वासंतीला वाचून दाखवलं होतं.  जेवणाच्या टेबलावर, प्रत्येक परिच्छेद इंग्रजीतून वाचून, मग मराठीत सांगून, 'समजलं का?' असं विचारून. त्या वाक्याशी आले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. वासंतीला तेव्हा काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. कित्येक दिवस चोराची आई म्हणून वावरल्यावर कुणीतरी आपल्या मुलाबद्दल चांगलं लिहितंय, इतकंच वाटलं. वाचायला कुठं येतं, असा विचार डोक्यात येऊनही गेला असेल. पण वडीलधाऱ्या माणसाचा भरलेला आवाज मध्येच तोडून 'भाऊजी, वाचता नाही येत त्याला' असं म्हणायची या घरातल्या सुनांची रीत नव्हती. तिनं मान हलवली आणि खाली सही केली.

"या काकू," अमृता खुर्ची ओढत म्हणाली. "टेन्शन घेऊ नका. ड्राफ्ट रेडी आहे. दिल्लीच्या वकिलानं पण ओके केलंय. मी वाचते, तुम्ही ऐका. इंग्लिशमधेच आहे, मी मराठीत सांगते, चुकलं तर माफ करा."

एकनाथराव कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर वर्तमानपत्र होतं, पण पान उलटत नव्हतं. वासंतीनं वाकून नमस्कार केला. त्यांनी हात नुसता वर केला.

अमृता वाचत गेली. कायद्याची कलमं, तारखा, जुने निवाडे. मग ती थांबली, घसा साफ केला. "आता पॅरा अकरा. हे मेन आहे. 'पहिल्या अर्जातलं तेलुगूबद्दलचं विधान हे माझ्या माहितीशिवाय आणि मी तशी सूचना दिलेली नसताना, वकिलांच्या नजरचुकीनं घातलं गेलं.' असं म्हणलं तरच कोर्ट ते बाजूला ठेवेल. नाहीतर पहिली शपथ खरी की दुसरी, इथंच अडकतो आपण."

 बाहेर कुणीतरी कांदे तोलत होता, तागडीचा आवाज येत होता.

"नजरचूक लिहू नकोस," एकनाथराव म्हणाले. त्यांचं तोंड वर्तमानपत्राकडंच होतं. "नजरचुकीनं एखादा आकडा पडतो. हे पूर्ण वाक्य आहे, विचार करून लिहिलेलं. नजरचूक म्हटलंस तर पहिल्या मिनिटाला उडवतील. निष्काळजीपणा लिही. वकिलानं अशिलाकडून खातरजमा न करता, गंभीर निष्काळजीपणानं विधान केलं. असा ड्राफ्ट पाहिजे."

"बाबा," अमृता म्हणाली.

"अगं, मी ड्राफ्टिंग शिकवायलोय तुला, रडतीस कशाला? बार कौन्सिल काय करंल मला या वयात? सनद काढून घेतील? घेऊ दे." मग त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिल्यांदा वासंतीकडं पाहिलं. "पण एक सांगतो वासंती. मुल्की आहोत ते वाक्यातनं काढू देऊ नको. वाचता येत नाही म्हणा, काहीपण म्हणा. ते मात्र राहू दे."

"राहील बाबा," अमृता म्हणाली.

वासंतीला तोंड उघडायचं होतं. भाऊजी, तुम्ही विचारलं होतंत मला. 'समजलं का?' असं विचारलं होतंत. निष्काळजीपणा तुमचा कुठला? पण हे बोललं की अकरावा परिच्छेद मेला, आणि अकरावा परिच्छेद मेला की केदार आत. ती बोलली तर मुलगा जातो, गप्प बसली तर हा म्हातारा जातो, पन्नास वर्षांच्या नावासकट, आणि तो स्वतः जायला तयार बसला आहे, हे तर त्याहून असह्य. पहिल्यांदा तिनं न बोलता सही केली होती. आताही न बोलताच करायची होती. तिला अमृताचा राग आला, मग त्या दुबईला गेलेल्या मालकाचा आला, आणि मग, कारण नसताना, त्या थांब्यावरच्या म्हाताऱ्याचा. तिनं पेन मागितलं.

"काकू, सगळं खरंय ना यात?" अमृतानं सरळ विचारलं. वकील म्हणून विचारलं, की एकनाथरावांची मुलगी म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

"खरंय," वासंती म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या नोटरीनं शिक्के मारले आणि 'वाचून समजून सही केली ना अम्मा?' असं तोंडातल्या तोंडात पुटपुटून तिच्या उत्तराची वाट न बघता पुढच्या गिऱ्हाइकाकडं हात केला. अमृता म्हणाली की आज रात्रीच दिल्लीला पाठवते. लागायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. सरकारकडून उत्तर येईल, ते काहीही शोधून लावतील, तुम्ही घाबरू नका. "मुलाकातीला जायलात ना आज? केदारला म्हणावं, अबकी बार होतंय. पॉझिटिव राहा म्हणावं." वासंतीनं हो म्हटलं. निघताना तिनं पुन्हा नमस्कार केला. एकनाथराव डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते.

तुरुंग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बसा बदलायच्या, मग ऑटो. पूर्वी या रस्त्यानं ती फक्त लग्नांना जायची, फंक्शन हॉल सगळे इकडंच. आता त्याच हॉलांच्या कमानी मागं टाकत ती पुढं जायची, आणि आतून येणाऱ्या बँडचा तिला राग यायचा. राग हल्ली लवकर यायचा. घरी गॅस पेटला नाही तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेजारची राणी संध्याकाळी येऊन बसायची, काही विचारायची नाही, चांगली बाई, पण तिचं ते न विचारणंही वासंतीला टोचायचं. घर तेच, दारं उघडी, ती हवी तेव्हा बाहेर पडत होती, आणि तरी दार ओढून घेताना तिला रोज वाटायचं की बाहेरून कडी आपण लावत नाही, दुसरंच कुणीतरी लावतंय. केदार आत काय करत असेल याचा ती विचार करत नसे. विचार केला की तो लहान होऊन समोर यायचा, नापास झाल्यावर उभा राहायचा तसा, दाराला पाठ लावून. त्यानं खरंच ते दाखले केले होते का? हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. एकदा तो बाहेर आला की विचारू, असं ठरवलं होतं. जाळीतून असलं विचारता येत नाही.

मागच्या काही मुलाकाती फार वाईट गेल्या होत्या. पहिल्या महिन्यांत तो बोलायचा, चिडायचा, अमृताला हे सांग, मोठ्या काकांना ते सांग. दुसरा अर्ज फेटाळल्यावर तो गप्प झाला. समोर येऊन बसायचा. जेवतोस का? हो. झोप लागते? हो. डबा आत देतात का? हो. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं कुठंतरी असायची. वेळ संपायच्या आधीच उठून जायचा. मागच्या खेपेला ती एकटीच जाळीसमोर बसून राहिली होती, आणि वॉर्डरनं हळूच सांगितलं होतं, "जाओ अम्मा घर को, टाइम हो गया." तेव्हापासून तिच्या मनात एक भीती घर करून बसली होती, जी तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. स्थानबद्धतेचं अजून अर्धं वर्ष उरलं होतं. अर्ध्या वर्षानं जो बाहेर येईल तो केदार असेल का? म्हणून तर सही. त्या भीतीपुढं भाऊजी काय आणि शपथ काय.

आज तो आधीच येऊन बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले. तिला पाहताच उभा राहिला. जाळीला बोटं लावून म्हणाला, "आई, लेट झालीस! कधीचा बसलोय."  हा आवाज ओळखीचा होता, पूर्वीचा, कॉलेजातून येऊन 'आई, भूक' म्हणणारा. ती बाकावर बसली. सांगायचं होतं ते सगळं पुढं आलं, की दिल्लीला अपील जातंय, की सही केली, की यावेळी नक्की. पण त्यानं बोलूच दिलं नाही.

"थांब, आधी माझं ऐक. एक चीज दाखवतो." त्यानं काखेतून गठ्ठा काढला. तोच, तेलुगू कागदांचा, कडा मळलेला, मध्ये मध्ये पेन्सिलीच्या खुणा केलेला. "मी सांगितलं नाही तुला, म्हणलं पूरा आल्यावरच सांगायचं. आत तेलुगूचा क्लास असतो सकाळी. पहिले टाइमपास म्हणून बसलो. मग लागलंच वेड. झोपताना भिंतीवर बोटानं काढायचो. आता बघ."

आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या फिर्यादीपासून. कुणा मुलानं दिलेली फिर्याद, की मी अमुक गावचा राहणारा, अमुक कॉलेजात शिकलो, एका विषयात राहिलो होतो. केदारचा आवाज मोकळा, सरळ, कुठं न अडखळणारा. वाक्याच्या शेवटी त्याची भुवई वर जायची, पुढचं वाक्य पकडायला. वासंतीला ऐकून सगळं समजत होतं. फिर्यादीतल्या काउंटरवर केदार नावाचा इसम बसला होता, त्यानं माझ्याकडं पाहून हसून म्हटलं की चिंता करू नको, पंधरा दिवसांत दाखला तयार होईल. तिच्या मुलावरचा आरोप ती फिर्यादीच्या शब्दांत पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिचा मुलगाच तो वाचून दाखवत होता, आणि त्यात काय लिहिलंय याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. त्याला अक्षरं दिसत होती. एकेक अक्षर त्यानं मिळवलं होतं. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, वाचू दे, असंच वाचत राहू दे. 

मागं वॉर्डर भिंतीला टेकून ऐकत होता. तो पुढं झाला, कौतुकानं म्हणाला, "क्या मॅडम, सुने आप? पहले एक अक्षर नहीं आता था बोल्के बोलता था. अब पूरे बॅरेक की चिठ्ठियां येइच पढ़ता. साब बी खुश हैं. सर्टिफिकेट देरे इसकू, फोटो के साथ. फाइल में लगारे."

फाइलमध्ये. वासंतीनं शब्द ऐकला. फाइल सरकारची. उत्तर सरकारचं. दिल्लीत कुणीतरी तो फोटो समोर धरील आणि चष्म्यावरून पाहत, किंचित हसून विचारील. कागद दिले त्या दिवशी येत नव्हतं, नंतर आलं, हे कोण मानणार? पहिल्यांदा येतं म्हणालात, मग येत नाही म्हणालात, आता फोटो येतोय. आज सकाळीच शाई वाळली होती. एकनाथरावांचे मिटलेले डोळे तिला दिसले. केदार पान उलटून पुढचं वाचत होता.

"केदार, बस," ती म्हणाली.

"अगं, पुढं ऐक तर, हे जोडाक्षर बघ, हे मला..."

"वाचू नकोस!"

तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या जाळीसमोरची बाई बोलायची थांबली. केदारनं मान वर केली. त्याचं बोट ओळीवरच होतं. वासंती वॉर्डरकडं वळली. हात जोडले. हसायचा प्रयत्न केला. तीस वर्षं जिनं साऱ्या शहराला फोनवर शांत केलं तिला आज आवाज सापडेना. "नहीं भैया. कां आता उसकू? ऐसेच पाठ करके बोलरा. किसी ने रटा दिया होंगा. नहीं आता उसकू पढ़ना. कब्बीच नहीं आया. आप साब को बोलो ना, सर्टिफिकेट नक्को. आप बोलो."

वॉर्डर गोंधळून तिच्याकडं पाहत राहिला. केदार तिच्याकडं पाहत होता. आधी त्याला काही कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावरचं ते जे होतं ते गेलं, कुणी हातानं पुसल्यासारखं गेलं. मग, फार हळूहळू, त्याला समजलं. तो काही उगाच वकिलांच्या घरात वाढला नव्हता. त्यानं एकदा वॉर्डरकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि मान खाली घालून तोच कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"ना..." तो वाचू लागला. थांबला. बोट मागं नेलं. "ना... पे..." 'ना पेरु', माझं नाव, एवढंच होतं ते, पण पुढच्या अक्षराशी तो बराच वेळ अडला, मग चुकीचं वाचलं, मग त्याच्याहून चुकीचं. कपाळावर आठ्या पाडून, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखा तो एकेक अक्षर मोडत पुढं सरकू लागला. त्याचे कान लाल झाले होते. पेन्सिलीनं खूण केलेल्या शब्दाशी आल्यावर त्यानं मान हलवली, येत नाही म्हणून.

"आज क्या हुआ इसकू?" वॉर्डर म्हणाला.

वासंती जाळीला कपाळ टेकून ऐकत राहिली. तिनं त्याला थांबवलं नाही.